घरच्या आठवणींची साक्ष

1985 साली ब्रिटनमधल्या एका आईला, आपला मुलगा आपल्याच पोटचा आहे, हे प्रयोगशाळेतून सिद्ध करून घ्यावं लागलं. कुटुंब मूळचं घानाचं. मुलगा ब्रिटनमध्ये जन्मलेला, मधली काही वर्षं वडिलांकडे घानाला राहिलेला. तो आईकडे परत आला तेव्हा अधिकाऱ्यांना त्याच्या पासपोर्टची शंका आली. हा तिचा मुलगा नसावा, फार तर बहिणीचा असेल, असं त्यांचं म्हणणं. त्या काळातल्या रक्ततपासणीतून नातं आहे एवढं कळत होतं. आई की मावशी, हे सांगता येत नव्हतं. आई सांगत होती, भावंडं सांगत होती, पण घरच्यांच्या सांगण्याला कागदाची किंमत नव्हती.

या कुटुंबाच्या बाजूनं लढणाऱ्या वकिलांनी वर्तमानपत्रात एका नव्या संशोधनाची बातमी वाचली आणि लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांना पत्र लिहिलं. 1984च्या सप्टेंबरमध्ये जेफ्रीज यांना डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची रीत सापडली होती. त्यांनी आईचं, मुलाचं आणि भावंडांचं रक्त तपासलं. आई खरं बोलत होती. गृहखात्यानं आक्षेप मागे घेतला. पुढे जगभर खुनाच्या तपासात वापरली गेलेली ही विद्या माणसांच्या खटल्यात पहिल्यांदा उभी राहिली ती एका मुलाला आईजवळ ठेवण्यासाठी.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या परदेशी कुटुंबांच्या आठवणी मी गेली काही वर्षं वाचतो आहे, ऐकतो आहे. त्यात जेवणाचे, सणांचे, थंडीचे, पहिल्या बर्फाचे किस्से पुष्कळ आहेत आणि ते गोडही आहेत. पण त्यांच्या तळाशी दुसरीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सरकारनं घराच्या शब्दावर अविश्वास दाखवला आणि पुढे कधीतरी घराचाच शब्द खरा ठरला. म्हणून या आठवणींकडे मी साक्ष म्हणून पाहतो. ही साक्ष देणारी पिढी आता थकली आहे, तेव्हा ती नोंदवून घेण्याची निकड आजची आहे.

बोटीवरचे नागरिक

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रिटनमध्ये गेलेले हे लोक कुणाच्या घरात परवानगीशिवाय शिरलेले पाहुणे नव्हते. 1948च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानं वसाहतींमधल्या माणसांना ब्रिटनच्या माणसांबरोबरचं एकच नागरिकत्व दिलं. भारत आणि पाकिस्तान स्वतंत्र झाले होते, तरी राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून तिथल्यांनाही ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क होता. 1948च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरी बंदराला लागली. कॅरिबियन बेटांवरून तिच्यातून आलेले शेकडो प्रवासी कायद्यानं आपल्याच देशात उतरत होते. त्यातल्या अनेकांनी महायुद्धात ब्रिटिश सैन्यात नोकरी केली होती.

युद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती. लंडनच्या बसगाड्या आणि रेल्वे, मिडलंड्समधल्या लोखंडाच्या भट्ट्या, लँकशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्या, नव्यानं सुरू झालेली सरकारी आरोग्यसेवा, सगळीकडे हातांचा तुटवडा होता. पंजाबमधून, काश्मीरच्या मीरपूर भागातून, सिल्हेटमधून, गुजरातमधून तरुण निघाले. परकीय चलनावर कडक निर्बंध असल्यामुळे भारतातून निघणाऱ्या अनेकांच्या खिशात फक्त तीन पौंड असत. बीबीसी रेडिओवर कविता पुरी यांनी या पिढीच्या कहाण्या सांगणारी जी मालिका केली, तिचं नावच या तीन पौंडांवरून ठेवलेलं आहे.

एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे कामगार, रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच्या गरम अंथरुणात दिवसपाळीचा माणूस शिरणं, पगारातून घरी मनिऑर्डर, ही त्या वर्षांची आठवण अनेक घरांत आहे. भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांवर ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या होत्या, हीसुद्धा. घर आणि नोकरी देताना वर्णावरून भेद करणं ब्रिटनमध्ये 1968चा वंशसंबंध कायदा येईपर्यंत बेकायदा नव्हतं. 1965चा पहिला कायदा हॉटेलं, चित्रपटगृहं अशा सार्वजनिक जागांपुरताच होता. तेव्हा आजोबांनी ‘खोली मिळायची नाही’ एवढंच सांगितलं असेल, तर त्या वाक्यामागे संसदेचा वीस वर्षांचा इतिहास आहे.

या मंडळींपैकी पुष्कळजण कायमचे राहायला आलेच नव्हते. पाच-सात वर्षं कमवायचं, गावाकडे घर बांधायचं, मग आपल्या जागी धाकट्या भावाला पाठवायचं असा बेत असे. तो बेत मोडला कायद्यानं. लोकांची ये-जा रोखण्यासाठी 1962चा राष्ट्रकुल स्थलांतर कायदा आला आणि 1 जुलैपासून कामाचा परवाना सक्तीचा झाला. दार बंद होणार ही कुणकुण आधीच लागली होती. 1960मध्ये भारतातून सुमारे सहा हजार लोक ब्रिटनला गेले होते. 1961मध्ये हा आकडा चोवीस हजारांच्या जवळ पोचला. एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भीतीनं पुरुषांनी जाणं थांबवलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. एकट्या कामगारांच्या खोल्यांची घरं झाली, मुलं शाळेत जाऊ लागली. आजचं बहुसांस्कृतिक ब्रिटन म्हणतात ते बऱ्याच अंशी स्थलांतर थांबवायला केलेल्या या कायद्यातून उभं राहिलं.

आफ्रिकेहून दुसऱ्यांदा

लेस्टरची गोष्ट वेगळी आहे. तिथे पोचलेल्या हजारो कुटुंबांसाठी ब्रिटन हा दुसरा परदेश होता. गुजरातमधून, कच्छमधून, पंजाबमधून त्यांचे आजे-पणजे पूर्व आफ्रिकेत गेले होते. गोव्याचे ख्रिस्ती लोकही तिथे मोठ्या संख्येनं होते. नैरोबी, कंपाला, एंटेबे इथल्या सरकारी कचेऱ्यांत गोवेकर कारकून वर्षानुवर्षं हिशेब सांभाळत होते. या सगळ्या समाजांत ब्रिटिश पासपोर्ट असलेली माणसं पुष्कळ होती.

1968च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या पहिल्या दिवसांत केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांना रोखण्यासाठी ब्रिटिश संसदेनं तीन दिवसांत एक कायदा संमत केला. ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले नाहीत, त्याच्या ब्रिटिश पासपोर्टाला त्यानंतर प्रवेशाचा हक्क उरला नाही. आजी-आजोबांच्या जन्मस्थळाची अट घातली की गोरे आपोआप आत आणि बाकीचे बाहेर. युरोपीय मानवी हक्क आयोगानं 1973मध्ये हा वर्णभेद असून तो माणसाचा अपमान करणारा आहे, असा निष्कर्ष काढला. तोवर अनेक कुटुंबं एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर परत पाठवली जाण्याचा अनुभव घेऊन चुकली होती.

मग युगांडा. 4 ऑगस्ट 1972 रोजी तिथला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला; मुदत नव्वद दिवसांची. दुकानं, कारखाने, घरं जिथल्या तिथे सोडून लोक निघाले. सुमारे 28 हजार लोक ब्रिटनमध्ये आले. सप्टेंबरच्या मध्यापासून स्टॅनस्टेड विमानतळावर विमानं उतरू लागली आणि उष्ण देशातून सुती कपड्यांत आलेल्या या कुटुंबांना लष्कराच्या जुन्या छावण्यांमध्ये नेण्यात आलं. अशा सोळा छावण्या होत्या, सफकमधल्या स्ट्रॅडिशॉलपासून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टॉनफानाऊपर्यंत. स्वयंसेवी संस्थांच्या बायकांनी कोट, स्वेटर, ब्लँकेटं वाटली. तो पहिला कोट कुणी दिला, त्याचा रंग कोणता होता, हे त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आज साठीतही सांगतात. छावणीतलं बेचव जेवणही त्यांच्या लक्षात आहे आणि शेजारच्या गावातून मुलांना फिरायला न्यायला आलेली अनोळखी कुटुंबंही. ब्रिटनची ही दोन्ही रूपं एकाच घरच्या आठवणीत असतात आणि दोन्ही खरी आहेत.

त्याच सप्टेंबरात लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने कमी पडताहेत, तेव्हा आमच्या शहरात येऊ नका, असा तिचा मथितार्थ. लोक तरीही आले, कारण लेस्टरला त्यांचे नातलग होते, आणि मोजे-स्वेटर विणणाऱ्या व बूट बनवणाऱ्या कारखान्यांत काम होतं. काम मिळालं म्हणून न्याय मिळाला असं मात्र नव्हतं. 1974च्या मेमध्ये लेस्टरच्या ‘इम्पीरियल टाइपरायटर्स’मधल्या आशियाई कामगारांनी बोनस आणि बढतीतल्या भेदभावाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या युनियननंही त्यांना साथ दिली नाही.

आज लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं ओळीनं आहेत आणि दिवाळीत तिथे होणारी रोषणाई पाहायला दुरून लोक येतात. ज्या शहरानं येऊ नका म्हणून सांगितलं, त्याच शहराची नगरपालिका या उत्सवात सामील असते. हा बदल आपोआप झालेला नाही. तो संपांतून, मतदानातून, शाळांच्या पालकसभांतून आणि बंद पडत चाललेल्या दुकानगाळ्यांत नव्यानं बसवलेल्या फळ्यांतून झाला आहे.

शाळेची बस

त्या घरांमधल्या मुलांचं काय झालं? पश्चिम लंडनमधल्या साउथॉलचं उदाहरण घेऊ. इथल्या शाळांत पंजाबी मुलं वाढू लागली तसा गोऱ्या पालकांनी आरडाओरडा केला. 1965मध्ये शिक्षणखात्यानं परिपत्रक काढलं, त्यातला सूर असा, की कोणत्याही शाळेत स्थलांतरितांची मुलं एक-तृतीयांशाहून जास्त असू नयेत. ईलिंग, ब्रॅडफर्ड अशा काही पालिकांनी त्यावर उपाय काढला तो बसचा. आशियाई मुलांना त्यांच्या वस्तीतून उचलून काही मैलांवरच्या शाळांमध्ये न्यायचं. गोऱ्या मुलांना मात्र कुठे न्यायचं नाही.

पाच-सहा वर्षांची मुलं पहाटेच्या काळोखात थंडीत बसची वाट पाहत उभी राहत. शाळा सुटली की बस लगेच निघायची, म्हणून खेळ, नाटक, वर्गमित्राच्या घरी जाणं, काहीच जमायचं नाही. आईला शिक्षकांना भेटायचं तर दोन बस बदलून जावं लागे, आणि भाषा येत नसे. ज्या मुलांनी एकमेकांत मिसळावं म्हणून ही योजना केली, ती रोज आली तशी वेगळी परत जात. हा प्रकार 1980च्या आसपास थांबला.

घरात या मुलांवर दुसरीच जबाबदारी होती. बँकेचं पत्र, विजेचं बिल, पालिकेचा फॉर्म, डॉक्टरसमोर आईचं दुखणं हे सगळं नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं इंग्रजीत सांगायचं. आईच्या पाळीबद्दल डॉक्टरला काय सांगावं, हे त्या वयात कुठून कळणार? पण सांगावं लागे. म्हणून या मुलांना घरातल्या प्रत्येक अडचणीची, प्रत्येक नकाराची माहिती आहे. आई-वडिलांनी काय सोसलं याच्या सर्वांत विश्वासू साक्षीदार त्या दुभाष्या लेकी आहेत.

रविवारी सकाळी बीबीसीवर ‘नई ज़िंदगी नया जीवन’ लागायचं. हिंदी-उर्दूतला हा कार्यक्रम 1968पासून बर्मिंगहॅमहून होत असे, आणि सगळं घर त्याच्यासमोर बसलेलं असे, ज्यांना हिंदी येत नसे तेसुद्धा. आपल्यासारखे चेहरे टीव्हीवर दिसण्याची आठवड्यातली ती एकच वेळ होती.

आणि रस्त्यावर भीती होती. 4 जून 1976 रोजी साउथॉलमध्ये अठरा वर्षांच्या गुरदीपसिंग चग्गर या विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर तिथल्या तरुणांनी आपली संघटना उभारली. 4 मे 1978 रोजी पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या बंगाली कापड-कामगाराला मारण्यात आलं. व्हाइटचॅपलमधल्या बागेला आज त्याचं नाव आहे. 23 एप्रिल 1979 रोजी नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध साउथॉलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्यात ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यावर मार बसून मरण पावला. मार पोलिसाचा होता, असं तिथली माणसं पहिल्या दिवसापासून सांगत होती. पोलिसांनी स्वतः केलेल्या चौकशीचा अहवाल 2010पर्यंत गुप्त राहिला. तो बाहेर आला तेव्हा त्यातही तेच होतं, की हा घाव बहुधा एका पोलिसानंच घातला. साउथॉलच्या घरांना जे माहीत होतं, ते कागदावर यायला एकतीस वर्षं गेली.

डॉलिस हिलमधली दोन घरं

मराठी वाचकाला वायव्य लंडनमधलं डॉलिस हिल माहीत असेल ते महाराष्ट्र मंडळामुळे. 1932 साली न. चिं. केळकर यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या या मंडळाची वास्तू तिथे आहे. गणेशोत्सव, नाटकं, मुलांचे मराठी वर्ग, दिवाळी पहाट हे सगळं तिथे होतं. त्याच डॉलिस हिलमध्ये, भुयारी रेल्वेच्या स्टेशनाजवळ, ग्रनविक हा फोटो धुवून देणारा कारखाना होता. 1976च्या ऑगस्टमध्ये टांझानियातून आलेल्या जयाबेन देसाई मुलासह तिथून काम सोडून बाहेर पडल्या. सक्तीचा जादा वेळ आणि अपमानाची वागणूक याविरुद्ध त्यांनी पुकारलेला संप जवळजवळ दोन वर्षं चालला. हजारो गोरे कामगार, खाणकामगारसुद्धा, साड्या नेसलेल्या या बायकांच्या बाजूनं उभे राहिले. इम्पीरियलच्या संपानंतर दोनच वर्षांत घडलेला हा बदल होता. 1978च्या जुलैमध्ये संप फसला, कुणालाही परत कामावर घेतलं नाही, पण आशियाई बाई म्हणजे मुकाट राबणारी, ही समजूत मात्र तिथेच मोडली.

मराठी कुटुंबांचा अनुभव बहुतांशी निराळा होता. मुंबई, पुणे, नागपूरच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन गेलेले डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका यांचा त्यात मोठा भाग. त्यांनाही वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, वेल्समधल्या खाणवस्त्या अशा, स्थानिक डॉक्टर ज्यांना टाळत त्या जागा मिळाल्या. 1975मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेण्यात आली आणि नव्यानं येणाऱ्यांना परीक्षा द्यावी लागू लागली. तरीही पदवीचा आधार होता, इंग्रजी होतं, पगार होता. आपल्या घरातल्या आठवणीत पाट्या आणि दगड कमी असतील, तर त्याचं श्रेय केवळ आपल्या गुणांना देऊ नये. शेजारच्या गल्लीत जयाबेन ज्यासाठी उभ्या राहिल्या, त्याचा लाभ आपल्या मुलांनाही मिळाला आहे.

भेदभावापासून सुटका मात्र पदवीनंही होत नव्हती. 1979च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी केली गेली. वाग्दत्त वधूला तेव्हा व्हिसा लागत नसे, पत्नीला लागे. ही बाई आधीच विवाहित असावी या संशयानं शरीराची तपासणी. बातमी फुटल्यावर सरकारनं अशी उदाहरणं अगदी थोडी असल्याचं सांगितलं. 2011मध्ये संशोधकांनी जुन्या फायली उघडल्या तेव्हा भारत-पाकिस्तानातल्या किमान 80 स्त्रियांवर असा प्रसंग आल्याचं उघड झालं. कित्येकींवर तर भारतातल्याच ब्रिटिश कचेऱ्यांत. त्यातल्या किती जणींनी हे घरी सांगितलं असेल? आठवणीतला प्रत्येक मोकळा कोपरा म्हणजे विसर नसतो.

कागद कुणी हरवले

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली डीएनए चाचणी पुढे सिल्हेटमधल्या कुटुंबांपर्यंत पोचली. बाप ब्रिटनमध्ये, बायकामुलं बांगलादेशात, आणि मुलं त्याची नाहीत म्हणून व्हिसा नाकारलेला, अशी असंख्य प्रकरणं होती. चाचण्यांत त्यातली बहुतेक मुलं बापाचीच निघाली. पण सिद्ध होईतो अनेकजण अठरा वर्षांचे होऊन गेले होते आणि मूल म्हणून येण्याचा त्यांचा हक्क संपला होता.

मग 2018 उजाडलं. कॅरिबियन बेटांवरून लहानपणी आई-वडिलांच्या पासपोर्टवर आलेल्या, आयुष्यभर ब्रिटनमध्ये काम केलेल्या माणसांना बेकायदा ठरवलं गेल्याच्या कहाण्या बाहेर आल्या. 1 जानेवारी 1973च्या आधी स्थायिक झालेल्यांना राहण्याचा हक्क कायद्यानं होता, पण तो सांगणारा कागद कुणी दिलेला नव्हता. 2012नंतर बेकायदा राहणाऱ्यांचं जगणं मुद्दाम कठीण करण्याचं धोरण आलं. घरमालक, बँका, दवाखाने, सगळे कागद मागू लागले. पॉलेट विल्सन 1968 साली लहान असताना जमैकाहून आल्या होत्या. एके काळी त्यांनी संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाकही केला होता. 2017मध्ये त्यांना देशाबाहेर घालवण्यासाठी कोठडीत ठेवलं गेलं. आणि बंदरात उतरतानाच्या ज्या नोंदकार्डांवरून अशा माणसांच्या येण्याची तारीख कळली असती, ती कार्डं गृहखात्यानं 2010मध्येच नष्ट केली होती. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. पॉलेट 2020मध्ये वारल्या.

या माणसांना शेवटी वाचवलं ते शाळेच्या जुन्या दाखल्यांनी, वर्गाच्या फोटोंनी, पगाराच्या चिठ्ठ्यांनी, शेजाऱ्यांच्या जबान्यांनी. म्हणजे घरांनी जपलेल्या गोष्टींनी.

आठवण जवळ असली की माणूस उदार होतोच असं नाही, हेही सांगायला हवं. हुजूर पक्षाचे नेते ऋषी सुनक, प्रीती पटेल, सुएला ब्रॅव्हरमन हे तिघंही पूर्व आफ्रिकेतून आलेल्या वडिलांची मुलं. ब्रॅव्हरमन यांचे वडील मूळचे गोव्याचे. तिघांनीही सत्तेत असताना स्थलांतराबाबत कठोर भूमिका घेतली. आपण आणत असलेल्या नियमांखाली आपल्या आई-वडिलांना कदाचित प्रवेश मिळाला नसता, हे पटेल यांनी 2020मध्ये मान्यही केलं. लेस्टरमध्येच 2022मध्ये हिंदू आणि मुस्लीम तरुण एकमेकांसमोर उभे ठाकले, ज्यांच्यातल्या काहींच्या आजोबांना एकाच जाहिरातीनं एकत्रच ‘येऊ नका’ म्हटलं होतं. सुनक पंतप्रधान झाले याचा आनंद अनेक घरांत झाला आणि तो खराच होता. पण घरची गोष्ट फक्त यशाची म्हणून सांगितली, की तिच्यातले नकार गळून जातात, आणि मग पुढच्या बोटीतून येणारा माणूस आपल्याला परका वाटू लागतो.

म्हणून माझी विनंती या अंकाच्या वाचकांना आहे, विशेषतः ज्यांचं कुणी ना कुणी परदेशी आहे त्यांना. या दिवाळीत फोनवर खुशाली विचारून झाली की थोडं पुढे जा. कोणत्या साली गेलात, कोणत्या पासपोर्टवर, तिकिटाचे पैसे कुणी दिले, पहिली खोली कुणी दिली आणि कुणी नाकारली, पहिला पगार किती होता, शाळेत मुलांना काय म्हणत, कुणी मदत केली, काय आजवर कुणालाच सांगितलं नाही, हे विचारा. उत्तरं तारखांसह लिहून घ्या. फोटोच्या मागे नावं लिहा, जुने पासपोर्ट आणि पगारचिठ्ठ्या फेकू नका. सरकारं कागद जाळतात, नियम बदलतात आणि मग पुरावा मागतात. तो पुरावा आपल्या माणसांकडे आज आहे, आणि तो मागून घेणं हे आपलं काम आहे.